वाळूचा खड्डा बुजवायच्या आधी पुराला मागचं दार काढा

दादा, प्रश्न मोठा आहे म्हणून आधी मला तो जसा समजला तसा लिहितो. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठाला तुमचं चार एकर मळीचं, म्हणजे नदीच्या गाळानं झालेलं रान. दहा-बारा वर्षांपूर्वी चुलत्यांनी त्यातली अर्धा एकर जागा वाळूला दिली, वरची सहा फूट काळी माती काढून बाजूला ढीग लावले, खालची बारा फूट वाळू नेली आणि ठेकेदार निघून गेला. आता तिथं 20 गुंठ्यांचा 18 फूट खोल खड्डा, चारी बाजूला उभे कडे, खड्डा आणि नदी यांच्यामध्ये जेमतेम पंचवीस फुटाची पट्टी, आणि वरच्या रानातून खड्ड्यात उतरणारी एक घळ, जी दर पावसाळ्यात उसाच्या सरीत शिरत चाललीय. 2025 च्या सप्टेंबरातल्या पुरात काठाचे आणखी 12 गुंठे गेले. तलावाचा गाळ आणून खड्डा भरावा का आणि काठाला बांबू लावला तर माती थांबेल का, हे तुम्ही विचारलंय.

सरळ सांगतो, यातलं एकही काम यंदा करू नका. 27 वर्षं मृद संधारणाचं काम करतोय, त्यातली बारा-तेरा वर्षं भीमा, सीना आणि माण नदीच्या काठानं, वाळू काढून सोडलेल्या जागांवर गेली. खड्डा भरायचा म्हणून लोकांनी घरातलं सोनं मोडलेलं बघितलंय आणि पुढच्या पुरात ती सगळी भर वाहून गेलेलीही बघितलीय, म्हणून जरा लांबलं तरी चालेल पण नीट समजून घ्या.

आधी खड्ड्याचा हिशोब. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 20 गुंठ्यांना 18 फूट खोली धरली तर झाले साधारण 3,900 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). टिपरला पाच ब्रास धरले तरी पावणेआठशे खेपा. गाळ फुकट मिळाला तरी वाहतूक, डिझेल आणि पोकलेनचं भाडं तुमचंच, आणि एवढं करून मोकळा गाळ उभ्या कड्याच्या खड्ड्यात नदीला लागून पडलेला असणार, ज्याला दाबलेलं नाही, मुळांनी धरलेलं नाही. पाणी त्याच्यावरून गेलं की चहात बिस्किट विरघळावं तसा तो जातो.

वाळू परत येईल का हेही बरेच जण विचारतात. आपल्याकडं ती आशा धरू नका. आपला सगळा भाग बसाल्टचा, काळा दगड झिजला की बहुतेक चिकणमातीच होते, वाळू फार थोडी. पाऊस सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास, नदी जोरात वाहते ते वर्षातले मोजके दिवस. त्यात वर सीना कोळेगाव धरण, भीमेवर उजनी, म्हणजे वरून जी काही वाळू यायची ती धरणाच्या पोटात बसते आणि खाली येतं ते नुसतं पाणी. असं गाळ-वाळूविना आलेलं पाणी भुकेलं असतं, त्याच्या अंगात जोर असतो आणि ओझं नसतं, मग ते तळ आणि काठ खाऊन आपलं ओझं भरून घेतं. तुमच्या काठाची माती अशी जातीय.

आणि वाळू गेली म्हणजे पाणी ठेवायची जागा पण गेली. एका ब्रास वाळूत पाचसहाशे लिटर पाणी असं राहतं जे विहिरीला मिळू शकतं. तुमच्या खड्ड्यातून 2,600 ब्रासच्या आसपास वाळू गेली असणार, म्हणजे चौदा-पंधरा लाख लिटरची टाकी गेली असं समजा, ती पण झाकलेली टाकी, जिच्यावर ऊन पडत नव्हतं. आता खड्ड्यात जे पाणी दिसतं ते उघडं आहे, आणि सोलापूरचं ऊन वर्षाला पावसाच्या तिपटीहून जास्त पाणी उडवून नेऊ शकतं. शेजाऱ्यांच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात असं तुम्ही लिहिलंय त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

आता काठ कसा पडतो ते बघा, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. सगळ्यांना वाटतं पूर वरून घासत जातो आणि माती नेतो. काळी माती वरून एवढी लवकर घासली जात नाही, ती चिवट असते. आपल्या मळीच्या काठात वर पाच-सहा फूट काळी माती आणि तिच्या पोटाखाली वाळू, बारीक गोटे, म्हणजे भिंत पक्की आणि पाया मोकळा. नदीचा तळ उपशामुळं खोल गेलेला असतो, पाणी त्या पायातली वाळू काढून घेतं, वरची काळी माती छज्जासारखी पुढं लोंबत राहते. त्यात उन्हाळ्यात हातभर रुंद भेगा पडलेल्या असतातच. मग पूर येतो, काठ पाणी पिऊन जड होतो, आणि पूर आहे तोवर नदीचं पाणीच त्याला बाहेरून टेकू देत असतं. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू गेला, आत पाणी तसंच, पाया पोकळ. अख्खी फळी धाडकन खाली. काठ पडायचा खरा धोका पूर ओसरताना असतो, त्यामुळं पाणी उतरलं म्हणून लगेच मोटार काढायला कडेला जाऊ नका, दोन-तीन दिवस थांबा. जनावरं तर अजिबात नेऊ नका.

आणि आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट, जी तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात: ती पंचवीस फुटाची पट्टी. ती फुटली तर नदी सरळ तुमच्या खड्ड्यात पडणार. अठरा फूट खाली धबधबा पडल्यासारखं पाणी पडतं, पट्टी खालून पोखरली जाते, एका रात्रीत नदी खड्ड्यालाच आपलं पात्र करते आणि मग वळण बदलतं. त्यानंतर 12 गुंठे नाही, एकर जातात. खालच्या तळाची उंची बदलली की ती घसरण वरच्या बाजूला सरकत जाते, शेजाऱ्याचा काठ, वरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, पुलाचा पाया, सगळ्यापर्यंत पोचते. म्हणून माझ्या मते तुमचं पहिलं काम आहे पट्टी वाचवणं, आणि पट्टी वाचवायची तर पुराला खड्ड्यात यायला आपणच एक वाट द्यायची.

हे ऐकायला उलटं वाटतं, माहितीय. पण पूर खड्ड्यात येणारच आहे, 2025 ला सीनेनं काय केलं ते तुम्ही डोळ्यानं बघितलं, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद ठेवावा लागला होता, तिथं तुमचा मातीचा बांध काय टिकणार. प्रश्न एवढाच की तो कुठून शिरतो. समोरून, वरच्या अंगानं जोरात शिरला तर सगळं घेऊन जातो. खालच्या अंगानं, म्हणजे प्रवाहाच्या दिशेनं खड्ड्याचं जे शेवटचं टोक आहे तिथून, मागून, हळूहळू चढत शिरला तर खड्डा शांतपणे भरतो. तुमच्या खड्ड्यात 1 कोटी 10 लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. पट्टीवरून पाणी जायच्या आधीच तो मागच्या दारानं भरलेला असला की वरून येणारं पाणी अठरा फूट खाली आपटत नाही, पाण्यावर पाणी पडतं, जोर तिथंच जिरतो.

दार कसं करायचं: खालच्या टोकाला पट्टीचा तीस-चाळीस फुटाचा तुकडा बाकी पट्टीपेक्षा चार-पाच फूट खाली घ्यायचा. खड्ड्याच्या बाजूला त्याला लांब उतार द्यायचा, उभ्या एकाला आडवे पाच असा, पायरी अजिबात ठेवायची नाही. त्या उतारावर आधी मुरमाचा थर किंवा गाळणीचं जाड कापड, त्यावर दीड फूट जाडीचा दगड, आणि दगडाचं खालचं टोक तीन-चार फूट खोल चरात पुरलेलं. तो मुरमाचा थर सोडू नका. माढा तालुक्यात एका काठाला माझ्याच देखरेखीखाली दगड अंथरले होते, घाई होती, पैसे संपत आले होते, खालचा थर टाळला. पाणी दगडाच्या फटीतून मागची बारीक माती ओढून घेत राहिलं आणि पहिल्याच मोठ्या पुरात सगळं दगडी अस्तर खाली बसलं. त्या शेतकऱ्याचं पेरूचं रान गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं आणि तेव्हापासून मी कुणालाही तो थर वाचवू देत नाही. दगड पण पावसाच्या ओढ्यात पडलेला गोल गोटा नको, खाणीतला कोनेदार, एकमेकांत अडकणारा पाहिजे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं, म्हणून डोक्याएवढा दगड बघून समाधान मानू नका.

हे काम अंदाजानं करायचं नाही. लेव्हल मशीन लावून नदीचा तळ, पट्टीचा माथा, खड्ड्याचा तळ, गेल्या पुराची खूण हे सगळं मोजून घ्या. आणि परवानगी. नदीच्या पात्राला हात लावायचा नाही, ते सरकारचं आहे. तुमची जागा निळ्या पूररेषेच्या आत असणार (25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची रेषा), तिथं भराव टाकायचा म्हटलं तर जलसंपदावाल्यांना आणि तहसीलदारांना विचारल्याशिवाय नाही. भराव अडवतात, पण उतार सपाट करून गवत लावायला शक्यतो कुणी आडवं येत नाही, अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या. पोत्यात भरायला म्हणून नदीतली वाळू उचलू नका, तो गुन्हा आहेच आणि आपल्याच काठाचा पाया आपण काढतोय हे वेगळं. त्या 12 गुंठ्यांचा पंचनामा झालाय का तेवढं तलाठ्याकडं बघा, खरडून गेलेल्या जमिनीला ऑक्टोबर 2025 मध्ये हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत मदत जाहीर झाली होती.

दुसरं काम घळीचं. घळ खालून वर सरकते हे तुमच्या लक्षात आलंय, मग दुरुस्ती पण तिच्या डोक्यापासून, म्हणजे उसात जिथं ती पायरीसारखी तुटलीय तिथून. पहिल्यांदा वरच्या रानाचं पाणी तिच्यात पडायचं थांबवा, डोक्याच्या वर पंधरा-वीस फुटावर एक छोटा ताल (मातीचा बांध) टाका आणि पाणी बाजूच्या ओढ्याकडं किंवा गवताच्या वाटेनं काढा. मग ती तुटलेली पायरी जेसीबीनं तासून उतार करा आणि तिच्यावर पण तसाच मुरूम आणि दगड. खाली घळीत दोन-तीन ठिकाणी कमरेच्या खालपर्यंतच दगडी बांध, खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत येईल एवढ्या अंतरावर. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा फूटभर खाली ठेवायला गवंड्याला बजावून सांगा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून बाजूची माती कापतं. दगड महाग पडत असेल तर तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या खुंटांमध्ये दाबून बांधल्या तरी छोट्या घळीत चांगलं काम होतं.

तिसरं, कडे मोडायचे. कोरडी वाळू साधारण 33 अंशाला स्वतःहून थांबते, पण आतून पाझर चालू असला की त्याच्या निम्म्यालाच ती सरकायला लागते. म्हणून खड्ड्याच्या बाजू एकास दोन, शक्य तिथं एकास तीन करा. यात तुमचे काही गुंठे जास्तीचे जातील, वाईट वाटेल, पण तेवढे आपण हातानं दिले नाहीत तर नदी त्याच्या तिप्पट घेते. चुलत्यांच्या वेळच्या काळ्या मातीच्या ढिगांमधलं जे शिल्लक आहे ते सोन्यासारखं जपा, वीटभट्टीवाला मागायला आला तर देऊ नका. ती माती तळात जाड थर करून टाकायची नाही. वाळूवर काळ्या मातीचा वेगळा थर बसला की पाणी त्या सांध्यावर अडतं, वरची माती भिजून घसरते, उन्हाळ्यात फाटते. वाळूत ती मिसळा, वरच्या फूटभरात चार भागाला एक भाग काळी माती किंवा तलावाचा गाळ, सोबत शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ). गाळ तुम्हाला आणायचाच आहे ना, मग तो ह्या कामाला आणा, पावणेआठशे खेपांच्या जागी पंचवीस-तीस खेपांत होतं. आणि पाचट जाळू नका. आपल्या जिल्ह्यात एवढा ऊस, एवढं पाचट, ते उतारावर वीतभर अंथरून सुतळीनं खुंट्यांना बांधलं की पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही.

आता लागवड, ज्याच्यासाठी तुम्ही मुळात लिहिलं होतं. माझा नियम असा की गवत आधी, झुडूप नंतर, झाड सगळ्यात शेवटी. एका खात्यानं भीमेच्या काठाला अशाच जागेवर तीन हजार झाडं एका वेळी लावली होती, उघड्या वाळूत, गवताची काडी नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी मोजली तेव्हा हाताच्या बोटावर मोजण्याएवढी जिवंत होती. वाळू मीटरभर खोलीत झाडाला मिळेल असं साठ-ऐंशी मिलिमीटरच पाणी धरते, चांगली काळी माती त्याच्या अडीच-तीन पट. रोपाला त्या वाळूत मार्च काढताच येत नाही.

गवतात पहिला नंबर वाळ्याचा. उताराला आडव्या ओळी, दोन ओळींत चार-पाच फुटाचा फरक उंचीत, ओळीत ठोंब वीतभर अंतरावर, खरं तर वीतीपेक्षा पण कमी, चार-पाच इंच. मोकळी जागा राहिली की पाणी तिथूनच वाट काढतं. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, पहिल्याच वर्षी नऊ-दहा फूट गेलेली मी स्वतः उकरून बघितलीत. बी न धरणारी जात घ्या म्हणजे रानात पसरणार नाही. ओळींच्या मधे मारवेल, हरळी, आणि बियाणं फेकायचं तर स्टायलो नावाचा शेंगवर्गीय चारा. अगदी पाण्याच्या कडेला, जिथं पाय बुडतो तिथं लव्हाळा आणि देवनळ, पूर आला की ते आडवे होतात आणि पाठीवरून पाणी जाऊ देतात, उपटून येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी निर्गुडी. अंगठ्याएवढ्या जाडीचे हातभर लांबीचे खुंट, दोन तृतीयांश जमिनीत ठोकायचे, फुटतात. शेळी तिला तोंड लावत नाही, आपल्याकडं मोकळी जनावरं किती फिरतात तुम्हाला माहितीय. तिसऱ्या वर्षापासून करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, पण ते उताराच्या खालच्या-मधल्या अंगाला किंवा कड्यापासून आत तीस-चाळीस फूट. उभ्या कडेवर मोठं झाड नको. वाऱ्यात ते हलतं, पाया पोखरलेला असतो, पडताना गाडीभर माती मुळांत घेऊन पडतं. बांबूचं तेच. बांबूची मुळं उथळ, बेट जड, आणि कडेवर लावला तर बेटासकट नदीत. शेताच्या आतल्या बाजूला हद्दीला लावा, उत्पन्न पण मिळेल. वेडी बाभूळ, म्हणजे आपली चिलार, न लावता येईलच. पहिल्या दोन वर्षांत ती सगळी काढू नका, काठ धरते बिचारी, गवत जसं पसरेल तशी थोडी थोडी तोडत चला.

वेळेचं गणित आपल्याकडं वेगळं आहे. पुस्तकात जूनची लागवड लिहिलेली असते, पण सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरात, जुलै-ऑगस्टात तीन-तीन आठवडे कोरडे जातात. मातीकाम डिसेंबर ते एप्रिल, वाळ्याचे ठोंब मे महिन्यात पिशवीत तयार, जूनच्या पहिल्या चांगल्या ओलीला लावणी, आणि ऑगस्टच्या ताणात आठवड्याला एक पाणी द्यायची तयारी. त्या चार पाण्यांवर सगळं अवलंबून आहे, कारण सप्टेंबरात पूर यायच्या आत मुळं खाली गेलेली पाहिजेत.

खड्ड्याला कुंपण घाला, निदान काटेरी फांद्यांचं तरी, आजच. वाळूच्या खड्ड्यांत पोहायला उतरलेली पोरं परत आली नाहीत असं आपल्या जिल्ह्यात किती घरांत झालंय. वरून गुडघाभर दिसतं आणि एका पावलावर डोह असतो, कडेची वाळू पायाखालून सरकते. उतार सपाट झाले की हा धोका पण कमी होतो.

पूर्ण खड्डा कधी भरणार म्हणाल तर तो भरायचाच नाही. तळात पाणी राहील तिथं राहू द्या, मागच्या दारानं येणारा प्रत्येक पूर थोडा गाळ टाकून जाईल, खालचा कोपरा आपोआप वर येत जाईल. बाजूच्या उतारावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वैरण कापायला मिळेल, दहा वर्षांत करंज-जांभळाची सावली. ऊस त्या अर्ध्या एकरात परत होणार नाही, ते मनातनं काढून टाका. उरलेलं रान वाचवायचं हे काम आहे.

समोरच्या काठाच्या लोकांशी पण बोला. तुम्ही दगड लावले की पाण्याचा मार तिकडं जातो, आणि वरच्या शेजाऱ्याचा काठ मोकळा राहिला तर पाणी तुमच्या दगडाच्या मागून शिरतं. तिघांनी मिळून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम घातलं तर मशीनचं भाडं पण वाटलं जातं.

सध्या पाऊस व्हायच्या आत एवढं करा: पट्टीवर आणि घळीच्या डोक्याशी कडेपासून बरोबर दहा फूट आत लोखंडी खुंट्या ठोका, वीस-वीस फुटावर, त्यांना लाल रंग द्या, वहीत नंबर लिहा. दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या पाण्यानंतर टेपनं खुंटीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहायचं. कुठल्या खुंटीचं अंतर सगळ्यात आधी दहाचं सात झालं ते मला कळवा, दगडाचं काम तिथून चालू करू.